न कण्हणारा माणूस

"कसं काय, चाचा?" असं कुणीही विचारलं, की चाचा उजव्या हाताचा पंजा पसरून हवेतच हलके दाबायचे, समोर गादी अंथरलेली असावी तसा, आणि म्हणायचे, "एकदम फर्स्टक्लास!"

चिखलीत आमच्या शाळेच्या रस्त्यावर त्यांचं गाद्यांचं दुकान होतं. दुकानामागे त्यांचं घर, आणि त्या घराच्या भिंतीला भिंत लागून माझं. सकाळी कापूस पिंजायचं यंत्र सुरू झालं की माझ्या चहात साखरेआधी कापूस पडायचा. मी तक्रार केली तर म्हणायचे, "शुद्ध वऱ्हाडी कापूस हाय, मॅडम. पोटाले काही होत नाही."

गादी भरून झाली की ते तिच्यावर पंजा फिरवत. कुठे गाठ लागली तर शिवण उसवून पुन्हा भरत. गिऱ्हाईक म्हणायचं, जाऊ द्या चाचा, चालते. चाचांना चालत नसे. "गाठ राह्यली त् माणसाले झोप लागत नाही," हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

तुमच्याही गल्लीत असा एखादा असेल, ज्याला कधी काही होतच नाही. आपण अशा माणसांचं फार कौतुक करतो. मी करत नसे. चाचा स्वतः कण्हत नसत, ते त्यांच्यापाशी. पण ते दुसऱ्यालाही कण्हू देत नसत. एकदा तळणाच्या तेलाने चाचींचा हात भाजला. मी मलम घेऊन धावले तर चाची ओठ दाताखाली धरून बसलेल्या. चाचा म्हणाले, "इतकुशानं काय होते? सांग मॅडमले, कसं हाय ते."

चाची म्हणाल्या, "फर्स्टक्लास."

चाचा हसले. मला त्या माणसाचा राग आला होता, आणि तो पुढेही पुरता गेला नाही.

त्यांच्या शौचातून रक्त जात होतं, हे त्यांनी घरात कळू दिलं नाही. दुकानातच चक्कर येऊन पडले तेव्हा तपासण्या झाल्या, आणि मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला. जालन्याच्या एका दवाखान्यात ऑपरेशन ठरलं. चाचींच्या सोबतीला मीही गेले. आतड्याचा खराब तुकडा काढायचा आणि उरलेली दोन टोकं जोडायची. चाचांनी जाताना स्वतः भरलेली उशी बरोबर घेतली. दुसऱ्याच्या उशीवर डोकं ठेवणं त्यांना कमीपणाचं वाटे.

ऑपरेशन चांगलं झालं. चाचा लगेच उठून बसू लागले, वॉर्डात फिरू लागले. शेजारच्या खाटेवर देऊळगाव राजाचे एक व्यापारी होते, तेही पोटाच्याच ऑपरेशनचे. ते दिवसभर "मेलो, मेलो" करायचे. सिस्टर त्यांना म्हणायची, "त्या चाचांकडे बघा जरा. असा पाहिजे पेशंट!" मग चाचा पंजा हवेत दाबायचे. गावाकडून भेटायला येणाऱ्यांची रीघ होती, आणि प्रत्येकाला चाचा उठून बसून फर्स्टक्लास सांगत होते. त्या वॉर्डात ते पेशंट नव्हतेच, पाहुण्यांचे यजमान होते.

एका दुपारी तिथल्या तरुण डॉक्टरीण बाईंनी चाचींना आणि मला बाजूला घेतलं. रक्तात सीआरपी म्हणून एक तपासणी असते, त्यांनी सांगितलं. शरीरात कुठे सूज असली, पू झाला, की ती वाढते. ऑपरेशननंतर सगळ्यांचीच वाढते, पण मग उतरायला लागते. "यांची उतरायची सोडून चढतेय. आतला जोड सुटत असेल तर असं होतं. म्हणजे तसं असेलच असं नाही. पण ताप नाही, पोट दुखत नाही, हे मला पटत नाहीये. चाचा खरं सांगतायत ना?"

चाची माझ्याकडे बघू लागल्या. मी सरळ खाटेशी गेले. "चाचा, दुखत असेल तर आत्ताच सांगा. तुमचं रक्त काहीतरी वेगळंच सांगतंय."

"रक्ताले काय कळते, मॅडम? पोट माझं हाय."

संध्याकाळी मोठे डॉक्टर राउंडला आले. बाईंनी रिपोर्ट पुढे केला, स्कॅन करू म्हणाल्या. मोठ्या डॉक्टरांनी चाचांचं पोट दाबलं. "दुखतं?"

"नाही, साहेब. एकदम फर्स्टक्लास. मले घरी जाऊ द्या."

"बघा," मोठे डॉक्टर बाईंना म्हणाले, "उपचार माणसावर करायचा असतो, कागदावर नाही." वाक्य फार छान होतं. वॉर्डात दोघा-तिघांनी माना डोलावल्या. बाईंनी रिपोर्ट घडी करून खिशात घातला.

दुसऱ्या दिवशी चाचा जीपने चिखलीला आले. गल्लीने हार घातला. त्यानंतरच्या सकाळी त्यांना उठता येईना, पोट लाकडासारखं घट्ट झालं होतं. परत जालना, परत ऑपरेशन. आतला जोड उसवला होता आणि सगळ्या पोटात पू झाला होता. चाचा त्यातून उठले नाहीत. देऊळगाव राजाचे ते व्यापारी, ज्यांना ओरडतात म्हणून कंटाळून का होईना सगळे तपासत होते, ते बरे होऊन घरी गेले.

मय्यतीच्या दिवशी मी आत बायकांत बसले होते. चाचींच्या मांडीवर ती उशी होती. हात फिरवता फिरवता त्या थांबल्या, कोपऱ्यातली शिवण दाताने तोडली आणि कापसात बोटं घातली. आतून तापाच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं निघाली, एकात एक दडपलेली. भेटायला येणाऱ्यांकडून चाचांनी ती मागवली असणार. शिवण इतकी सफाईची होती, की वरून एक गाठ हाताला लागत नव्हती. ताप त्यांनी असा दाबून ठेवला होता. रक्ताला गोळी देऊन गप्प करता येत नाही, एवढंच त्यांना माहीत नव्हतं.

बाहेर पुरुषांचं चाललं होतं, "काय सबुरीचा माणूस! आखरीपर्यंत उफ् केलं नाही." आतल्या बायकाही चाचींच्या पाठीवर हात फिरवत तेच म्हणू लागल्या. सब्र कर, सब्र कर.

"सब्रानंच त् गेला तो," चाची म्हणाल्या. "मले जिंदगीभर कण्हू देल्लं नाही या माणसानं. सोताले त् एक डाव कण्हाचं होतं."

मग त्या उशीत तोंड घालून मोठ्यांदा कण्हल्या. पुष्कळ वेळ कण्हत राहिल्या. त्यांना गप्प करायला आता घरात कोणी नव्हतं.