गाडीची खोड
गरम डिझेलचा वास आला की मला पाली गावातलं जीपच्या मालकाचं अंगण आठवतं. आईला सारखं दवाखान्यात न्यावं लागायचं आणि आमच्या आवाक्यातली एकच जीप तिथं विकायला होती, दोन लाख किलोमीटर पळालेली. मी आपला टायर दाबत, बॉनेट उघडून बघत होतो. जनावरांच्या बाजारात हयात गेलेली माझी आत्या मात्र लिंबाखाली बसूनच मालकाला म्हणाली, "हिची खोड काय हाय?" म्हैस घेताना विचारतात, अगदी तसंच. मालक हसला. "चढाला दुसरा गिअर सटकतो, आत्या. हातानं धरून ठेवावा लागतो. बाकी कायबी न्हाई." आत्या पदर खोचत उठली, "मंग चला कपिलधारच्या चढाला." अर्ध्या चढात गिअर सटकला, नेमका दुसराच. मागच्या सीटवर आत्या मात्र लई खूश! "सांगितली तेवढीच खोड निघाली. माणूस खरा हाय, घे गाडी." त्या जीपनं आईला एकदाही वाटेत उतरवलं नाही. परवा ती विकायला काढली, तर गिऱ्हाईक नुसतं किती पळाली तेवढंच विचारत बसलं. शेवटी मीच म्हणालो, "अहो, खोड विचारा की!"