कपाळावरचा फाटा

प्रत्येक माणसाच्या आत एक मुलूख असतो, असं हिंगोलीतले आमचे फोटोग्राफर सांगतात. विचारलं तर बहुतेक गिऱ्हाइकांच्या आत काश्मीरच निघतं. माणसाच्या चेहऱ्यात एखाद्या जागेचं दृश्य मिसळून फोटो करताना ते मात्र काश्मीरला नकार देतात आणि चष्मा डोक्यावर सरकवून विचारतात, “माणूस रमायचा कुठं, ते बराबर सांगा.”

माझे वडील जीप चालवायचे. ते गेल्यावर आईला भिंतीवर ते जसे होते तसेच हवे होते. फोटोग्राफरनी विचारल्यावर ती म्हणाली, “वारंगा फाट्यावर. घरी कवा रमले?”

फोटोग्राफर फाट्यावर तीनदा गेले. “आभाळ कोरं पडून राहिलं,” म्हणत दोनदा तसेच परतले. तिसऱ्यांदा ढग मिळाले.

फोटोतली एक पाटी पुसा, असं मी सुचवलं.

“काहून? जागेची हाय, राहील,” ते म्हणाले. आईनेही मान डोलावली.

आता वडिलांच्या केसांत ढग आहेत, गालावर रस्ता आहे आणि कपाळावर स्वच्छ वाचता येतं : येथे पंक्चर काढून मिळेल.