काळी पूड आणि सुमनमावशी

किती पूड छातीत गेली की माणूस आजारी पडतो? मला खरंच सांगता येत नाही.

नगरच्या कॉलेजात पीएचडीसाठी मी प्लास्टिकची पट्टी बनवते; वीज दिली की ती स्नायूसारखी हलते, वाकते. ती जोरात वाकावी म्हणून त्यात कार्बन नॅनोट्यूबची, म्हणजे केसाहून हजारो पट बारीक नळ्यांची, काळी पूड मिसळते, मास्क लावून.

आज सकाळी सफाईच्या सुमनमावशी तीच सांडलेली पूड नाकातोंडाला काहीही न बांधता झाडत होत्या. मी ओरडले.

"तव्याखालची काजळीच की ही! लई भितीस बाई तू."

मी म्हटलं, "मावशी, ही फुप्फुसात अडकू शकते."

त्या थांबल्या. "मंग वरीसभर मला झाडू का दिलं गं, पोरी?"

त्यांच्यासाठी मास्क मागायचं मला कधी सुचलंच नाही. घरातली पहिली पदवीधर मी, आणि एवढंही सुचू नये!

प्रबंध पुढच्या महिन्यात द्यायचाय. तरी दुपारी प्रयोगाच्या खोलीला कुलूप लावलं आणि माझ्या मार्गदर्शक सरांना लिहून दिलं: मावशींची तपासणी होऊन त्यांना मास्क मिळेपर्यंत माझा प्रयोग बंद.