प्रेमिला रामटेकेची मराठी फ्लॉपी

प्रेमिला रामटेकेचा राग सगळ्या इंदोरा वस्तीला ठाऊक होता. नळावर कोणी तिचा पाण्याचा गुंड मागे सरकवला, तर ती तो पुन्हा जागेवर आणायची आणि सरकवणारीला तिच्या चार पिढ्यांसकट ऐकवायची. तिची आई भीमाबाई म्हणायची, "हिच्या नाकावर माशी बसत नाही, अन् बसली तं जळून जाते." पण खरं सांगायचं तर, ज्या जगात प्रेमिलाला नोकरी करायची होती तिथं राग नसलेल्या बाईला लोकांनी पायपुसणं केलं असतं. तिचं काही चुकत नव्हतं.

वडील गिरणीत विणकर. पोरगी बी.कॉम. झाली, धरमपेठेतल्या क्लासात सहा महिने कॉम्प्युटर शिकली, पहिली आली. अठ्ठ्याऐंशी साली कॉटन मार्केटजवळच्या संत्रा बागाईतदार संघानं कॉम्प्युटर घेतला, तेव्हा तो चालवायला तिला ठेवलं. हंगामी. चौदा बाबू, एक मॅनेजर, पाणी देणाऱ्या सिंधूताई, जीप चालवणारा नत्थू आणि प्रेमिला, एवढं ते ऑफिस. पहिल्या दिवशी माठाजवळ तिच्यासाठी वेगळा ग्लास ठेवलेला होता. कोणी काही बोललं नाही, नुसता ठेवला होता. दुसऱ्या दिवशी तिनं सकाळी लवकर येऊन सगळ्यांच्या ग्लासांतून एकेक घोट पाणी पिऊन घेतलं, आणि बाबू लोक आल्यावर तसं सांगूनही टाकलं. वेगळा ग्लास त्या दिवसापासून दिसला नाही. तिच्याशी हसून बोलणारंही कोणी उरलं नाही.

तिच्यावर सगळ्यांत जास्त दात होते ते बडे बाबूंचे, म्हणजे हेडक्लार्क मधुकररावांचे. सव्वीस वर्षं संघाच्या सभासदांची यादी त्यांच्या हातची होती. सावनेर, काटोल, कळमेश्वर, गावोगावच्या चार हजार तीनशे बारा बागाईतदारांची नावं त्यांनी बोरूनं लिहिलेली. अक्षर मोत्यासारखं, मान्य करायलाच हवं. तीच यादी प्रेमिलानं आठ महिने खपून कॉम्प्युटरवर चढवली आणि मधुकररावांचा बोरू खणात गेला. ते कॉम्प्युटरला 'डबडं' म्हणत आणि प्रेमिलाला काहीच म्हणत नसत. काम असलं की भिंतीकडे बघून बोलत.

त्या कॉम्प्युटरला मराठी मुळात येत नव्हतं. त्यासाठी पोटात एक वेगळी पाटी बसवलेली होती, मराठी कार्ड. आणि त्या कार्डाचं म्हणणं यंत्राला समजावून सांगणारा एक छोटासा प्रोग्रॅम लागे, त्याला ड्रायव्हर म्हणत. तो एका फ्लॉपीवर आला होता. बाकी फ्लॉप्यांवर इंग्रजी चिठ्ठ्या होत्या. या एकीवर प्रेमिलानं लाल शाईनं, आपल्या हातानं लिहिलं होतं: मराठी. तिची नक्कल करून ठेवायचं तिच्या मनात होतं, पण कोऱ्या फ्लॉप्या मागितल्या की मधुकरराव भिंतीला सांगत, "बघू."

एकोणनव्वद सालच्या दसऱ्याला भंडाऱ्याहून तिची आत्या, चुलते, सगळं गणगोत दीक्षाभूमीला यायचं होतं. प्रेमिलानं नवमीची रजा टाकली. यंत्रावर आच्छादन घातलं, फ्लॉप्या डब्यात ठेवल्या, खोलीची किल्ली मॅनेजर गोपाळरावांच्या हातात दिली.

बुधवारी ती परत आली. चपला बाहेर काढून खोलीत शिरली, बटण दाबलं. पडदा काळाच राहिला आणि आतून खरखर असा आवाज आला, कोणीतरी तव्यावर उलथनं घासावं तसा. आतली हार्ड डिस्क बिघडली होती.

"काय केलं यंत्राले?" ती बाहेर येऊन कडाडली.

मधुकररावांनी यंत्राची नोंदवही पुढं सरकवली. तिच्यात मोत्याच्या अक्षरात आधीच लिहिलेलं होतं: 'ऑपरेटर रजेवर जाण्यापूर्वी हलगर्जीपणा केल्याने यंत्र बंद पडले.' खाली सही.

प्रेमिलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मी जाताना चालू होतं ते!"

"तूच काहीतरी करून गेली, अन् आता आमच्या नावानं बोंबलून राहिली," मधुकरराव पहिल्यांदा तिच्याकडे बघून बोलले.

गोपाळराव मॅनेजर हे दोन्ही डगरींवर हात ठेवणारे गृहस्थ. त्यांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. संघाच्या निवडणुकीची यादी शनिवारी पाच वाजता बोर्डावर लागलीच पाहिजे होती, नाहीतर निवडणूक बाद. ते म्हणाले, "प्रेमिलाबाई, शनिवारपर्यंत झालं तर तुमची कायम करायची ऑर्डर मी स्वतः सही करून देतो. नाही झालं तर बडे बाबू चार जण घेऊन हातानं लिहितील. मग यंत्र परत जाईल. अन् यंत्र गेलं तं... तुम्हीच समजून घ्या."

ती समजली. आठ महिन्यांची मेहनत आणि घरातला एकमेव भरवशाचा पगार, दोन्ही शनिवारी पाचला संपणार होते. वडिलांची गिरणी त्या वर्षी महिन्यातून दहा दिवसच चालत होती.

तिनं पदर खोचला. डिस्क पुसून नव्यानं आखली. चार कोपरे खराब निघाले, ते वगळले. यंत्र चालवणारं डॉस पहिल्यापासून चढवलं. नावांच्या अकरा फ्लॉप्या डब्यात शाबूत होत्या, त्या एकेक करून परत घातल्या. दुपारचे तीन वाजले. मग 'मराठी' काढायला डब्यात हात घातला, तर ती नव्हती.

यादी उघडली, तर नावांच्या जागी आडव्या-उभ्या रेघा, ग्रीक अक्षरं आणि मध्येच एक हसरं तोंड. चार हजार तीनशे बारा माणसं आत होती, पण एकाचंही नाव वाचता येत नव्हतं.

"ड्रायव्हरची फ्लॉपी कोणी घेतली?" तिनं विचारलं.

"ड्रायव्हर पाहिजे तं आपल्या जीपचा नत्थू आहे ना," एक बाबू म्हणाला, आणि सगळे हसले. मधुकरराव हसले नाहीत. ते कागद लावत बसले होते. हे तिच्या तेव्हा लक्षात आलं नाही.

गुरुवारी ती रामदासपेठेत, ज्यांनी यंत्र विकलं त्यांच्याकडे गेली. तिथल्या टाय लावलेल्या माणसानं तिला वरून खालपर्यंत पाहिलं आणि एक फ्लॉपी दिली. ती नव्या कार्डाची निघाली, यंत्र जागेवरच गोठलं. ती परत गेली. त्यानं दुसरी दिली. ती घातल्यावर अक्षरं आली, पण वेलांट्या एकीकडे आणि व्यंजनं दुसरीकडे, काटोलचा 'क' सावनेरच्या डोक्यावर. ती तिसऱ्यांदा गेली. "मॅडम, तुमचं कार्ड जुनं आहे. ओरिजनल पुण्याहून मागवावं लागेल. पंधरा दिवस."

"विकताना जुनं आहे सांगितलं होतं काय?"

"विकताना तुम्ही होत्या काय?"

शुक्रवारी ती सिव्हिल लाइन्समधल्या एका सरकारी ऑफिसात गेली. तसलंच कार्ड तिथं आहे असं क्लासमधल्या मैत्रिणीनं सांगितलं होतं. तिथल्या बाबूनं अर्ज मागितला. अर्ज दिला, तर वरिष्ठांची मंजुरी मागितली. वरिष्ठ दसऱ्याच्या सुटीवरून आलेले नव्हते. उन्हात सायकल मारत ती परत आली, तेव्हा ऑफिसात चार बाबू मोठाले कागद आखत बसले होते आणि मधुकररावांनी बोरूला नवं टोक काढलं होतं. तिला बघून त्यांनी ते उजेडात धरून पाहिलं.

शनिवारी सकाळी, करायला दुसरं काही नव्हतं म्हणून, तिनं कीबोर्ड उलटा करून झटकला. त्यातून नारळाच्या शेंडीचे दोन-चार तंतू पडले. ती बघतच राहिली. मग बटणाच्या खाचेत तिला कुंकू दिसलं.

सिंधूताई दारात पाण्याची बादली घेऊन उभ्या होत्या. प्रेमिलानं तंतू त्यांच्यापुढं धरले. सिंधूताईंनी मागं वळून पाहिलं आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, "सांगते, पर माझं नाव नको घेऊ वं बाई. खांडेनवमीची पूजा होती ना. टाइपरायटर, वजनकाटा, जीप, सारं पूजलं. बडे बाबू म्हणे, याचीबी करू, संघाची वस्तू आहे. अन् बंद यंत्राची पूजा करत नाहीत म्हणे, चालू कराले लावली. नारळ बाहेर फोडाचा सोडून याच टेबलाच्या कोपऱ्यावर हाणला. पहिल्यानं फुटलाच नाही, मंग अजून जोरात. तवाच खर्रर्र झालं."

डिस्क फिरत असताना यंत्राला साधा धक्काही लागू द्यायचा नसतो. या माणसानं दोनदा नारळ हाणला होता.

"अन् माझी फ्लॉपी?"

"सगळ्या इंग्रजी होत्या. एकीवर मराठीत लिहिलं होतं, तीच पूजेले घेतली." सिंधूताईंनी नुसती मान वळवली. मधुकररावांच्या टेबलामागं भिंतीत देवाची फळी होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तीन दिवस.

प्रेमिला सरळ चालत गेली, मधुकररावांच्या शेजारची खुर्ची ओढली आणि तिच्यावर चढली.

"ए! हात लावू नको तिथं!" मधुकरराव ओरडत उठले. "तिथं कोणी हात लावत नाही!"

"म्हणूनच मी लावून राहिली," ती म्हणाली आणि फळीवरच्या देवाच्या फोटोमागून फ्लॉपी काढली. पाकिटावर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक वाळलेलं, उघड्या फटीत हळद आणि एक अक्षता चिकटलेली.

"तीन दिवस मी गावभर कुत्र्यासारखी फिरले. तुमच्या डोक्याच्या हातभर वर होती ही. तोंड काहून उघडलं नाही?"

मधुकररावांच्या ओठांवर घाम आला होता. "सुरक्षित राहावी म्हणून ठेवली. तिथं कोणी हात लावत नाही," ते पुन्हा म्हणाले.

तिच्याकडे भांडायला वेळ नव्हता, आणि तिच्यासाठी ही फार मोठी शिक्षा होती. तिनं ब्लेडनं फ्लॉपीच्या पाकिटाची कड कापली, आतली पातळ काळी चकती काढली, सिंधूताईंनी आणलेल्या स्वच्छ पाण्यात करंगळीच्या टोकानं धुतली. हळद सुटली, कुंकू सुटलं. सिंधूताईंनी पदरानं वारा घातला. रामदासपेठेच्या बिनकामाच्या फ्लॉपीचं पाकीट कापून तिनं ती चकती त्यात सरकवली. यंत्रानं तीनदा वाचायला नकार दिला. चौथ्यांदा दिवा लागला आणि बराच वेळ लागूनच राहिला.

मग पडद्यावर पहिलं नाव उमटलं. अंबादास नारायण ठाकरे, मौजा पाटणसावंगी. वेलांटी वेलांटीच्या जागी. प्रेमिलाच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते कोणी बघितलं नाही म्हणून तिला बरं वाटलं.

साडेचारला प्रिंटर थांबला. एकशे आठ पानं. यादीवर ऑपरेटरची आणि हेडक्लार्कची, दोघांची सही लागे. गोपाळराव घड्याळाकडे बघत दारात उभे होते. प्रेमिलानं यादी छातीशी धरली आणि मधुकररावांपुढं यंत्राची नोंदवही उघडून ठेवली.

"आधी हे खोडा. अन् खरं कारण लिहा. तुमच्याच अक्षरात."

"जाऊ द्या ना आता, प्रेमिलाबाई," गोपाळराव म्हणाले. "सणाचा दिवस होता. श्रद्धेनंच केलं त्यांनी."

"नारळ श्रद्धेनं फोडला असंल साहेब. माझ्या नावावर खोटं श्रद्धेनं लिहिलं काय?"

पावणेपाच झाले. शेवटी मधुकररावांनी बोरू घेतला, तोच नवं टोक काढलेला. जुनी ओळ खोडली आणि तिच्याखाली लिहिलं: 'चालू यंत्राच्या टेबलावर हेडक्लार्क यांनी नारळ फोडल्याने यंत्र बंद पडले.' अक्षर याही वेळी मोत्यासारखंच आलं. प्रेमिलानं ते नीट वाचलं, मगच यादीवर सही केली आणि त्यांचीही घेतली. पाचला पाच मिनिटं कमी असताना यादी बोर्डावर लागली. सोमवारी कायमची ऑर्डर मिळाली. मधुकरराव निवृत्त होईपर्यंत तिच्याशी एक शब्द बोलले नाहीत. तिनंही त्यांना बोलावंसं वाटू दिलं नाही.

त्या शनिवारी तिनं ड्रायव्हरच्या दोन नकला केल्या. एक डब्यात ठेवली, एक घरी आणली. कुठं ठेवावी म्हणून सगळं घर पाहिलं. पेटी भाऊ उचकटायचा, फडताळात उंदीर होते. शेवटी ती पाटावर चढली आणि भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीमागं फ्लॉपी सरकवली.

"तिथं काहून ठेवली वं?" भीमाबाईनं चुलीपासून विचारलं.

"तिथं कोणी हात लावत नाही," प्रेमिला म्हणाली.

आणि पाटावर उभ्याउभ्याच तिला कळलं की हे वाक्य कोणाचं आहे. रागानं तिचे कान लाल झाले. तीन दिवस छळून पोट भरलं नाही, मेला आता तोंडात येऊन बसला. तिनं फ्लॉपी बाहेर काढली, हातात घेऊन पुन्हा सगळ्या घरभर नजर फिरवली. मग परत तिथंच ठेवली आणि खाली उतरून भाकरी थापायला बसली.