धाकट्या खोलीतली खाट

व्हर्ना गेली त्याला पाच आठवडे झाले होते, तेव्हा लेम्पीला ती खाट पहिल्यांदा विस्कटलेली दिसली.

रविवार होता. चर्चमधून येऊन तिने दारात बूट काढले, शेगडीवर कॉफी ठेवली आणि सहज धाकट्या खोलीत डोकावली. निळी गोधडी एका अंगाला सरकलेली, उशीत डोक्याएवढा खळगा. सकाळी तिनेच खाट नीट लावून ठेवली होती. दाराला कुलूप होतं, आणि बाहेरच्या पायऱ्यांवर पडलेल्या ताज्या बर्फात तिच्या एकटीचीच पावलं उमटली होती. तिने गोधडी सारखी केली, उशी झटकली आणि कॉफी उतू गेल्याचा वास येईपर्यंत तिथेच उभी राहिली.

त्या खाटेवर चौतीस वर्षांत कुणीच झोपलं नव्हतं.

अमेरिकेत सुपीरिअर सरोवराच्या काठी, तांब्याच्या बंद पडलेल्या खाणींच्या मुलखात त्यांचं गाव. व्हर्ना केस्टी ही परगण्याच्या रस्ते खात्यात बर्फ उपसायची गाडी चालवायची आणि लेम्पी हार्यू ही शाळेच्या स्वयंपाकघरात होती. एक्याऐंशी साली लेम्पी एक पेटी आणि शिवणयंत्र घेऊन व्हर्नाच्या घरी आली ती कायमचीच. गावाला सांगितलं, भाडेकरू. धाकट्या खोलीत खाट टाकली, खिळ्याला लेम्पीचा झगा अडकवला, तिपाईवर तिचा जुना चष्मा ठेवला.

व्हर्नाची थोरली बहीण एल्मा दर रविवारी चर्चनंतर वेलदोड्याचा पाव घेऊन यायची. तिची नजर घारीची. ती यायच्या आधी लेम्पी धाकट्या खोलीत जाऊन गोधडीवर चांगली लोळायची, उशीत डोकं रुतवायची. स्वयंपाकघरातून व्हर्ना हाक मारायची, "झोप झाली का गं, भाडेकरीणबाई?" दोघी हसायच्या. मग बाहेर एल्माची गाडी वाजली की हसू पुसून टाकायच्या.

बाकीचीही काळजी डोळ्यांत तेल घालून घेतलेली. एकमेकींना लिहिलेली पत्रं सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीच्या, भट्टीत जाळली. दोघींचा मिळून फोटो एकही नाही. एक समोर उभी तर दुसरी कॅमेऱ्यामागे. चौऱ्याण्णव साली व्हर्नाची गाडी घळीत गेली आणि तिचा उजवा हात मोडला. अपंगांच्या सरकारी भत्त्याचा अर्ज तेव्हा लेम्पीनेच भरला. 'घरात आणखी कोण राहतं?' असा रकाना होता. लेम्पीने सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'भाडेकरू.' व्हर्नाने डाव्या हाताने सही केली आणि कागदाकडे बराच वेळ बघत राहिली.

"बरं लिहिलंस," ती म्हणाली. त्या दिवशी मात्र ती हसली नाही.

दोन हजार पंधराच्या उन्हाळ्यात देशभर कायदा बदलला, दोन बायकांनाही आपसात लग्न करता येऊ लागलं. ऑगस्टमधल्या एका मंगळवारी व्हर्ना नाश्त्याच्या टेबलावरून उठली आणि म्हणाली, "लेम्पे, आजपासून भाडं माफ. चल, लग्न करून येऊ." तिचा खोकला तेव्हाच सुरू झाला होता. परगण्याच्या कचेरीत अकरा मिनिटांत लग्न लागलं. एल्माला सांगायचं धाडस तेव्हाही झालं नाही. फेब्रुवारीत व्हर्ना गेली. वर्तमानपत्रातला निधनाचा मजकूर एल्माने दिला: 'मागे बहीण एल्मा व मैत्रीण लेम्पी.' लेम्पीने तो वाचला आणि घडी घालून खणात ठेवला. त्यानंतर एल्माचं येणं बंद झालं.

रविवारी खाट मात्र विस्कटतच राहिली.

चौथ्या रविवारी लेम्पीने ठरवलं, आज राखणच करायची. खुर्ची ओढली, कॉफीचा पेला हातात घेतला आणि खाटेसमोर बसली. खिडकीतून लख्ख उजेड येत होता. पुढचं तिला आठवलं ते एवढंच, की ती खाटेवर आडवी होती, बूट काढून खाली जोडीने ठेवलेले होते आणि पेल्यातल्या कॉफीवर साय धरली होती. म्हणजे बाहेरून कुणी येत नव्हतं. तिचं अंगच तिला न विचारता उठत होतं आणि चौतीस वर्षांचं नेमून दिलेलं काम करून येत होतं.

हे उमजून तिला हायसं वाटायला हवं होतं. तेवढ्यात स्वयंपाकघरातून स्पष्ट आवाज आला, "झोप झाली का गं, भाडेकरीणबाई?"

ती उठली नाही. "झाली," एवढंच म्हणाली. पुन्हा आवाज आला नाही.

शाळेच्या तुटपुंज्या पेन्शनमध्ये ते घर हिवाळाभर उबदार ठेवणं शक्य नव्हतं. म्हणून लेम्पी शहरातल्या सरकारी कचेरीत व्हर्नाच्या पेन्शनसाठी गेली. लग्नाच्या जोडीदाराला ती मिळते, असं तिने ऐकलं होतं. काचेपलीकडचा माणूस सभ्य होता.

"बाई, लग्नाला नऊ महिने व्हायला लागतात. तुमचे सहाच झालेत."

"त्याआधी कायद्याने होऊच दिलं नसतं ना हो."

"ते खरं. पण नियम नऊ महिन्यांचा आहे."

"आणि आधीची चौतीस वर्षं?"

"त्याचा काही कागद?"

कागद नव्हता. जो होता, तो तिच्याच अक्षरातला होता.

अशा खटल्यांसाठी झगडणाऱ्या एका संस्थेने तिला वकील दिली. नदीन नावाची, तिशीतली, चटपटीत मुलगी. बोलताना पेन्सिलीचं टोक चावायची.

"आजी, तुम्हाला आधी लग्न करू दिलं असतं तर केलं असतं, एवढंच आपल्याला दाखवायचंय. कुणीतरी साक्षीला हवं. कुणाला ठाऊक होतं?"

"कुणालाच नाही. आम्ही फार नीट लपवलं होतं."

"कुणालाच?"

"पोरी, तेच तर आमचं आयुष्य होतं."

नदीनने एल्माला पत्र लिहायचं म्हटलं तेव्हा लेम्पी तिच्यावर चक्क ओरडली. "तिला यात ओढायचं नाही! व्हर्नाला आवडणार नाही!" नदीनने तरीही पत्र पाठवलं. उत्तर आलं नाही.

सुनावणी एका लहानशा खोलीत होती. भिंतीला झेंडा, मध्ये टेबल, पलीकडे दमलेल्या डोळ्यांचा न्यायाधीश. एल्मा आधीच येऊन बसली होती, चर्चच्या काळ्या कोटात, पर्स मांडीवर घट्ट धरून. लेम्पी तिच्याकडे न बघता खुर्चीत बसली.

न्यायाधीशाने तो जुना अर्ज पुढे सरकवला. "हे अक्षर कुणाचं?"

"माझं."

"इथे तुम्ही स्वतःला भाडेकरू म्हणता."

"हो."

"खोल्या दोन, खाटा दोन. मैत्रिणीही अशा राहतात, बाई. कायद्याने परवानगी असती तर तुम्ही लग्न केलं असतं, हे मी कशावरून मानू?"

लेम्पीने नदीनकडे पाहिलं, मग टेबलाकडे. "त्या खाटेवर कुणी झोपलं नाही साहेब. मी ती दर रविवारी विस्कटायचे." आपण हे मोठ्याने बोललो, याचंच तिला नवल वाटलं. "अजूनही विस्कटते. ती नाही, तरीसुद्धा. हात थांबत नाहीत."

मग न्यायाधीशाने एल्माला विचारलं, "या तुमच्या कोण लागतात?"

"माझ्या बहिणीची बायको," एल्मा म्हणाली.

"हे तुम्हाला केव्हा कळलं?"

"ब्याऐंशी सालच्या इस्टरला." एल्माचा आवाज खडखडीत होता. "माझा कोट ठेवायला त्या खोलीत गेले होते. गोधडी विस्कटलेली. मला मेलीला खोड, घडी घालायला उचलली. खाली चादरीवर इस्त्रीच्या घड्या जशाच्या तशा! झोपलेल्या चादरीला घड्या राहतात होय? मी गोधडी होती तशी टाकली आणि बाहेर येऊन पाव कापला."

"आणि कधीच बोलला नाहीत?"

"नाही." एल्माने पर्सची कडी उघडली, पुन्हा लावली. "त्या दोघी माझ्यासाठी एवढी खटपट करत होत्या. मला वाटलं, त्यांना हवंय तसंच राहू दे. आणि खरं सांगायचं तर मलाही तेच बरं होतं. मान वर करून चर्चला जाता येत होतं. वर्तमानपत्रात 'मैत्रीण' लिहिलं ते मीच. ते लिहून आल्यापासून मी धड जेवले नाही."

न्यायाधीशाने त्या दिवशी सगळं लिहून घेतलं आणि महिन्याभराने अर्ज फेटाळला. नियम नऊ महिन्यांचा, तो बदलायचा अधिकार आपल्याला नाही, असं त्याने कळवलं. नदीन वरच्या न्यायालयात गेली. तिथे पावणेतीन वर्षं गेली. शेवटी तिथल्या न्यायाधीशबाईंनी निकाल दिला: ज्यांना लग्नच करू दिलं नाही, त्यांना लग्नाचे दिवस कमी पडले म्हणून हाकलता येणार नाही. इस्त्रीच्या घड्यांची साक्ष निकालात शब्दशः उतरवली होती. नदीन फोनवर ओरडत होती, रडतही होती. लेम्पी "हो गं, हो," म्हणत राहिली.

एल्मा पुन्हा येऊ लागली होती, पण आता शनिवारी. निकालानंतरच्या शनिवारी दोघी खिडकीशी बसल्या होत्या. लेम्पीने इतके दिवस मनात ठेवलेलं विचारून टाकलं.

"आणखी कुणाला ठाऊक होतं?"

एल्माने बोटांवर मोजलं. "पाद्रीबुवांना. त्यांनीच मला सांगितलं होतं, गप्प राहा म्हणून. दुकानवाल्या लायतीला. व्हर्नाच्या खात्यातल्या पोरांना. तुझ्या शाळेतल्या बायकांना."

"म्हणजे सगळ्यांना."

"बहुतेक."

"मग आम्ही पत्रं कशाला जाळली, एल्मा?"

एल्माने पेला खाली ठेवला आणि मांडीवरचा पावाचा चुरा गोळा करू लागली.

पैसे वसंतात सुरू झाले. घराचं छत दुरुस्त झालं, घर तापवायची भट्टी नवी आली. खाट लेम्पीने सुटी करून चर्चच्या विक्रीत देऊन टाकली, आणि रिकाम्या खोलीत रविवारी ती स्वतः भिंतीला टेकून उभी असायची, आपण तिथे केव्हा आलो हे न आठवता. व्हर्नाचा आवाज पुन्हा कधी आला नाही. तिला दुसरीच पीडा लागली. रस्त्यावर कुणी हात हलवला, कुणी दार धरून ठेवलं, की ती त्या चेहऱ्याकडे टक लावून बघायची. यालाही ठाऊक होतं? हिलाही? शाळेत मुलांना जेवण वाढताना, चर्चमध्ये प्रार्थना म्हणताना, मागून किती डोळे तिच्याकडे दयेने बघत होते? मेलेलं एक माणूस सोबतीला होतं, तेव्हा तिला इतकी भीती वाटली नव्हती.

मे महिन्यात ती टपाल कचेरीत गेली. खिडकीतली बाई, कॅरल, सव्वीस वर्षं तिथे होती. तिने सरकारी लिफाफा काढला, वरचं 'लेम्पी हार्यू' हे नाव वाचलं आणि हसून म्हणाली, "घ्या, मिसेस केस्टी."

लेम्पीने लिफाफा घेतला नाही. कॅरलच्या तोंडून ते नाव किती सहज आलं, जणू मनात ते कधीपासून तयारच होतं. मागे रांगेत दोन माणसं खोळंबली होती.

"काय झालं?" कॅरलने विचारलं. "चुकीचं म्हटलं का मी?"

"नाही," लेम्पी म्हणाली. "बरोबर आहे." आणि तरीही ती तिथून हलली नाही.