मावशीचा बर्फावरचा तंबू

कॅलिफोर्नियातल्या सांता क्लाराहून निघताना अंगात टी-शर्ट होता. मिनियापोलिसला उतरलो तेव्हा नाकातले केससुद्धा गोठले. जानेवारी २००६. आईने पुण्याहून फोनवर कामगिरी सोपवली होती, "सुमाला तुझ्याकडे घेऊन ये. काका गेल्यापासून एकटी आहे त्या बर्फात."

सुमामावशी स्वतःच गाडी घेऊन विमानतळावर आली होती. "आधी एक काम आहे," ती म्हणाली. "तंबू घ्यायचाय. फिशिंगला जायचंय मला."

इकडची तळी हिवाळ्यात दगडासारखी होतात. लोक गिरमिटाने बर्फाला भोक पाडून गळ सोडतात आणि वारा लागू नये म्हणून वर शॅक (खोपटं) उभारतात. काका-मावशींनी तीस वर्षं हेच केलं. पण काकांची लाकडी शॅक ओढायला ट्रक लागायचा. मावशीला एकटीला झेपेल अशी हवी होती.

"एकटी? सेफ आहे का ते?"

"म्हणून तर तुला आणलंय. तुझ्यावर ट्रायल घेऊ."

दुकान तळ्याच्या काठावरच होतं. मालक रॉय, सत्तरीचा, लाल कानटोपीवाला. मला छत्रीसारखा उघडणारा चौघांचा तंबू पसंत पडला. "हलका आहे, मिनिटात उभा राहतो," मी सात पिढ्या बर्फात काढल्यासारखं सांगितलं.

"बाहेर उभारून बघा ना," रॉय म्हणाला.

बर्फावर तंबू उघडला. खुंट्या ठोकायच्या आतच त्यात वारा शिरला. तंबू निघाला, दोरी धरून मागोमाग मी, पोटावर. वाटेतल्या दोन मासेमारांनी आपल्या बादल्या बाजूला घेतल्या आणि अदबीने "मॉर्निंग" म्हटलं. काठच्या वाळक्या गवतात आमची वरात थांबली.

मावशी पोट धरून हसत होती. काका गेल्यानंतर तिचं असं हसणं मी पहिल्यांदाच ऐकलं.

रॉयने दुसरा तंबू काढला. खाली घसरगाडी, वर बाबागाडीसारखं ओढून घ्यायचं छप्पर. मावशीने दोरी कमरेला बांधून तो दूरवर ओढत नेला. जाड हातमोज्यांनी चेन उघडली, लावली. मग आत जाऊन बसली, ती बाहेर येईचना.

"मावशी?"

"रडतेय. जरा थांब."

मी थांबलो. पायाची बोटं बधिर झाली. मग आतून आवाज आला, "हं, झालं. वरची खिडकी कुठंय रे? हीटर लावला तर हवा खेळायला हवी."

मागोमाग आलेला रॉय म्हणाला, "दोघांचा दाखवू का? यात एकच माणूस मावतो."

"एकच बसणार आहे," मावशी म्हणाली. आवाज अगदी स्वच्छ होता.

रविवारी ती आत उबेत आणि मी बाहेर पालथ्या बादलीवर. मधूनमधून खिडकीतून चहा यायचा. दुपारी तिला हातभर लांब वॉलआय मासा मिळाला. घरी रवा लावून तळला; काटा काढायलाही आम्ही बोलणं थांबवलं नाही. कॅलिफोर्नियाचा विषय मीच काढला.

"येईन की. एप्रिलमध्ये, बर्फ वितळला की. पंधरा दिवस."

परतीच्या विमानात, आईला काय सांगायचं याची मी बरीच जुळवाजुळव केली. माणूस एकटा आहे म्हणजे त्याला उचलून आणायलाच हवं, असं जाताना तरी मला वाटलं होतं. घरी पोचून फोन लावला आणि खरं तेच सांगितलं, "मावशी मजेत आहे. एप्रिलपर्यंत तिला वेळ नाही."