मोठीचा हेवा

तिला सगळे धाकटी म्हणत. घरात मूल एकच, ते म्हणजे ती. तरीही नाव धाकटीच. शाळेत कुणी विचारलं, मग मोठी कुठे, तर ती सांगायची, वारली. त्यावर विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर जी कणव यायची, तीसुद्धा मोठीच्याच वाट्याला जायची.

मोठी चार वर्षांची असताना घटसर्पाने गेली. त्यावरचं इंजेक्शन तेव्हा लांबच्या मोठ्या शहरात मिळायचं, यांच्या गावापर्यंत पोचलं नव्हतं. ती गेल्यावर दोन वर्षांनी धाकटी जन्मली. दोघींची गाठ कधी पडलीच नाही, पण धाकटीचा उभा दावा होता तो तिच्याशीच. जिवंत बहीण असती तर झिंज्या तरी उपटता आल्या असत्या. ही हाताला लागेल तर ना. धाकटीने कप फोडला की आई ओरडत नसे. मोठी वस्तू किती जपायची, एवढंच म्हणे. औषधाला तोंड वाकडं केलं की, मोठी कशी गुमान प्यायची. सारखं ऐकून ऐकून धाकटीच्या डोळ्यासमोर एक गुणी, गोरीगोमटी, कधीच न चुकणारी पोर उभी राहिली होती, आणि तिच्यापुढे आपला टिकाव लागायचा नाही हे तिला कळून चुकलं होतं.

सात वर्षांची असताना तिने कपाटातला मोठीचा पिवळा फ्रॉक काढून अंगात घातला. तो काखेत टरकन फाटला. आईने तो हलक्या हाताने काढून घेतला आणि दुपारभर खिडकीशी बसून शिवला. शब्दाने रागावली नाही. धाकटी परकर-बनियनवर शेजारी उभी होती, तिच्याकडे मात्र आईने मान वर करून बघितलं नाही. दोन धपाटे घातले असते तर बरं वाटलं असतं, असं पुढे तिने नवऱ्याला कितीदा तरी सांगितलं.

नवव्या वर्षी तिला कावीळ झाली. आईने तिला मावशीकडे पाठवलं आणि तीन आठवडे तिकडे फिरकली नाही. ही गोष्ट मात्र धाकटीने नवऱ्यालाही सांगितली नाही.

वडिलांचं बाइंडिंगचं दुकान होतं. त्यांच्या मागे ते तिनेच चालवलं. पानांचे जुज, म्हणजे दुमडलेल्या पानांचे गठ्ठे, शिवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. सुटी झालेली, कोपरे झिजलेली पुस्तकं तिच्याकडून नव्यासारखी होऊन जात. ती बावन्न वर्षांची असताना साथीच्या रोगांच्या जुन्या दवाखान्यातून तिच्याकडे रजिस्टरं आली. शिवण उसवून ती पानं लावत होती, तेवढ्यात एका पानावर वडिलांचं नाव दिसलं. खाली पत्ता, तोच. वय चार. घटसर्प.

नऊ दिवसांच्या नऊ नोंदी होत्या, कुणा नर्सच्या तिरप्या अक्षरात. ‘औषध थुंकते.’ ‘डॉक्टरांना लाथ मारली.’ ‘माझ्या हाताला चावली, पट्टी बांधावी लागली.’ धाकटीला हसूच फुटलं. खळीचा ब्रश हातात धरून ती एकटीच हसत राहिली. ही का ती गुमान औषध पिणारी?

मग तिचं लक्ष प्रत्येक नोंदीच्या शेवटाकडे गेलं. ‘आई खिडकीबाहेर उभी. सांगूनही जात नाही.’ दुसऱ्या दिवशी तेच. नवव्या दिवशी तेच. हसू जिथल्या तिथे विरलं आणि जुना जळफळाट वर आला. नऊ दिवस. मावशीचं घर तर दोन गल्ल्या सोडून होतं.

भर दुपारी दुकान बंद करून ती घरी आली. ऐंशीची आई गॅलरीत मटार सोलत बसली होती.

“तुझी मोठी नर्सला चावली होती,” धाकटी म्हणाली. “लिहून ठेवलंय.”

आईचे हात थांबले. मग तिने बाही वर सारून दंडावरचा एक फिकट वण दाखवला. “मलाही चावली होती. महाद्वाड कार्टी.”

“मग मला जन्मभर काय सांगत आलीस?”

“गेलेल्या पोरीचं वाईट कोणत्या तोंडाने सांगू?”

त्या वणाचासुद्धा धाकटीला हेवा वाटला. आपण आईला कधी चावलो नाही. तिने मग इतकी वर्षं दाबून ठेवलेलं बोलून टाकलं. “तिच्या खिडकीबाहेर नऊ दिवस उभी राहिलीस. माझ्या वेळी दोन गल्ल्या ओलांडवल्या नाहीत तुला.”

“रोज निघायचे,” आई म्हणाली. “कोपऱ्यापर्यंत यायचे. मावशीच्या घराची खिडकी दिसली की पाय उचलायचा नाही. मग कोपऱ्यावरच उभी राहायचे, दिवे लागेपर्यंत.”

हे खरं, की आईने आत्ता जुळवलं, ते धाकटीला कळेना. मावशी कधीच गेली होती, विचारायचं कुणाला? ती खाली बसली आणि मटार पुढ्यात ओढून सोलू लागली.

रजिस्टर तिने चार दिवसांत बांधून दिलं. ते एक पान कडेला कुरतडलं होतं. त्याला तिने पातळ कागदाची पट्टी लावली, अक्षराला धक्का लागणार नाही अशी.

आई पुढे दोन वर्षं होती. एकदा तोंड उघडलं म्हटल्यावर तिला मोठीच्या खोड्या सांगायला दिवस पुरेना. धाकटी स्वतःहून विचारायची, ऐकताना हसायची, आणि आत कुठेतरी जळायचीही. एकदा न राहवून म्हणाली, “माझं काही असं रंगवून सांगत नाहीस कधी.”

आईने तिच्याकडे नीट बघितलं. “तू आहेस की समोर. तुझं कशाला आठवू?”

धाकटीला ते पटलं नाही. पण त्या दिवशी ती आईपाशीच रेंगाळली, दुकानात उशिराच गेली.